उरलेल्या गोळ्या आणि माझा उजवा हात

हे सगळं मी डाव्या हाताने लिहिलंय. अक्षर वाकडंतिकडं आहे, छापणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शुद्धलेखनाचं मात्र मला कुणी सांगू नये. चौथीत शाळा सुटली आणि मिसरूड फुटायच्या आत मी विट्याकडून मद्रासला आलो तो भट्टीपुढे बसायलाच. तेव्हापासून साहुकारपेठेच्या एकाच बोळात सोनारांच्या दुकानातला केर जाळून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढतोय, म्हणजे गलाई करतोय. माझ्या हातून गेलेल्या लगडीवर या बाजारात कुणी दुसऱ्यांदा कस लावत नाही. फुशारकी म्हणा हवं तर, पण खरं आहे.

आपली गलाईची माणसं आज कुठल्या गावात नाहीत? आणि आता प्रत्येकाच्या घरात एक तरी पोरगं कॉलेजात आहे. कुणाला ताप आला, गळू झालं, की आपण आधी त्या पोराला विचारतो. शिकलेलं आहे, त्याला कळत असणार. मीही तेच केलं. पुढे काय झालं ते इथे लिहितोय. दया यावी म्हणून नाही. तुमच्याही घरात तसं पोरगं आहे म्हणून.

बोट

उन्हाळा होता. नळाला पाणी नव्हतं आणि बायका टँकरमागे घागरी घेऊन धावत होत्या. एका सकाळी सोनं वितळवायची मूस भट्टीतून काढताना तडकली आणि तिची बारीक कपची उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटात शिरली. अशा कपच्या आजवर कितीतरी शिरल्या असतील. सुईने काढली, हळद दाबली, कामाला बसलो.

आठवड्याच्या आत बोट वांग्यासारखं फुगलं. भट्टीची धग नसतानाही त्यातून धग यायची. रक्ताचा ठोका बोटात ऐकू यायचा.

माझी बायको हौसा म्हणाली, "दवाखान्यात दाखवा की. नख काळं पडाय लागलंय."

"दवाखाना पोराबाळांना. मला काय झालंय?"

"बोट झालंय," ती म्हणाली.

आम्हाला मूलबाळ नाही. धाकट्या भावाचा मुलगा सुरेश शिकायला आमच्याकडे होता. खाली भट्टी आणि आमचं घर, वर माडीवर त्याची पुस्तकं. समुद्रकाठच्या युनिव्हर्सिटीत तो एम.एस्सी. करत होता. आमच्या अख्ख्या भावकीत तेवढा शिकलेला दुसरा कुणी नाही. सोनार मंडळी आली की मी त्याला मुद्दाम खाली बोलवायचो आणि इंग्रजी पेपर वाचायला लावायचो. ऐकून मला काही कळायचं नाही, पण त्यांनाही कळत नाही हे बघून बरं वाटायचं.

त्याचा मित्र सेल्वम मदुरैकडचा. हॉस्टेलवर राहायचा, पण परीक्षा जवळ आली की अभ्यासाला आमच्या माडीवर यायचा, कारण हौसाच्या हातची भाकरी त्याला आवडायची. सुरेश मला तात्या म्हणतो. सेल्वम म्हणायचा तात्ता, म्हणजे त्यांच्यात आजोबा, आणि हौसाला पाट्टी, म्हणजे आजी. दोघांनी एकदम हाक मारली तरी मला एकदाच ओ द्यावी लागायची.

सेल्वम प्राणिशास्त्र शिकत होता. सुरेश म्हणाला, "तात्या, हा बेडूक फाडतो. याला दाखवा बोट."

सेल्वमने बोट उजेडात धरून बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने हॉस्टेलातून कॅप्सुली आणल्या. लाल-काळ्या. कागदाच्या पुडीत, सुट्या.

माडीवरचे डॉक्टर

त्यांच्या हॉस्टेलात एक रीत होती. प्रत्येक मजल्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. कुणी आजारी पडून औषध आणलं आणि बरं वाटलं, की उरलेल्या गोळ्या त्या डब्यात टाकायच्या. पुढे ज्याला लागतील त्याने न्यायच्या, आणि त्याच्या उरल्या की त्यानेही परत टाकायच्या. पोरं त्याला बँक म्हणत. सेल्वम आपल्या मजल्याचा मॅनेजर.

"डॉक्टरनं न बघताच द्यायची?" हौसा म्हणाली.

"काकी, डॉक्टर हीच देणार," सुरेश म्हणाला. "फक्त आधी दोन तास बाकावर बसवणार."

सेल्वम तिला तमिळमध्ये म्हणाला, "आमच्याकडे सगळे हीच घेतात, पाट्टी. गळ्याला, दाताला, गळवाला. परीक्षेच्या आधी तर काही झालं नसलं तरी दोन-चार घेऊन ठेवतात."

"काही झालं नसताना?"

"होऊ नये म्हणून."

मला ते पटलं. पावसाचं चिन्ह नसलं तरी शहाणा माणूस छत्री घेतो. मी कॅप्सूल गिळली, वर पाणी प्यालो आणि हौसाकडे बघितलं. तिने परात पुढे ओढून पीठ मळायला घेतलं.

आणि गुण आला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण सगळा घात तिथेच आहे. चार-सहा कॅप्सुलीत ठणका गेला, बोट उतरलं, सुरकुत्या परत दिसायला लागल्या. मी सुरेशला म्हटलं, "उरल्यात त्यांचं काय करायचं?"

"बंद करा, तात्या. बरं वाटल्यावर घ्यायची नाही. जास्त घेतली की शरीराला सवय लागते. मग खरी गरज पडेल तेव्हा लागू पडत नाही."

हे ऐकून मला त्याचा फार अभिमान वाटला. कारण आमच्या धंद्यातही हेच आहे. चांदी भट्टीवर असते, वरचा मळ जळत जातो आणि एका क्षणाला ती आरशासारखी लखकन चमकते. त्याच क्षणाला उतरवायची. त्यानंतर विस्तवावर ठेवली की मालात घट येते. ज्याला तो क्षण कळतो तो कारागीर, बाकीचे कोळसे जाळणारे. बोट चमकलं होतं. मी ते विस्तवावरून उतरवलं. उरलेल्या कॅप्सुली सेल्वमने नेऊन डब्यात टाकल्या. कुणाच्या तरी कामाला आल्या असतील.

परत

सूज परत आली ती नुसत्या बोटात नाही, तळहाताच्या उंचवट्यातही.

आता लाल-काळी चालणार नाही, असं दोघांनी ठरवलं. तिची सवय झाली. औषध बदलायला पाहिजे. त्यांचं बोलणं मी जिन्याखाली बसून ऐकत होतो. सेल्वम म्हणत होता की वरच्या मजल्याच्या डब्यात पिवळी आहे, ती जास्त जोरदार. सुरेश म्हणत होता की पिवळीने पोट बिघडतं, त्याला मागच्या परीक्षेत अनुभव आहे. वकील बोलतात तसे बोलत होते. पिवळी आली. पिवळीनेही उतार पडला. तीही मी बंद केली.

तिसऱ्या खेपेला सूज मनगटापर्यंत. तेव्हा नवीन एक मोठी पांढरी गोळी बाजारात आली होती. ती डब्यात नव्हती म्हणून सुरेश स्वतः मेडिकलमध्ये गेला आणि इंग्रजीत मागितली. दुकानदाराने पट्टी कात्रीने कापून दिली, काही विचारलं नाही. इंग्रजीत मागणाऱ्याला कोण विचारणार?

या सगळ्या दिवसांत मी भट्टीपुढे बसत होतो. सांडशी डाव्या हातात धरायला शिकलो आणि कुणाला दिसू नये म्हणून उजव्याला फडकं गुंडाळून ठेवत होतो. सोनारांना सांगितलं, ॲसिड उडालंय. त्यांनी ते खरं मानलं, कारण आमच्या हातांवर ते नेहमीच उडतं. हौसाने जेवताना बोलणं बंद केलं होतं. एकदा फक्त म्हणाली, "वास येतोय."

"कशाचा?"

"तुमच्या हाताचा. मला वाटलं, चुलीमागं उंदीर मेला."

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी अंगाला थंडी भरून आली. मे महिन्यातलं मद्रास, भट्टी पेटलेली, आणि माझे दात वाजत होते. अंघोळीला बसलो. हौसा पाणी ओतत होती ती थांबली. तिने माझा दंड धरून उजेडाकडे वळवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीखालून एक लाल रेघ गेली होती. सरळ. कुणी फूटपट्टी लावून ओढल्यासारखी.

तिने भट्टीवर पाणी मारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या भट्टीच्या कामात पडली. दाराला कुलूप घातलं, किल्ली कंबरेला खोचली आणि माडीकडे बघून हाक दिली, "सुरेश, रिक्षा आण. आणि तूबी चल. काय काय दिलंस ते तूच सांग."

काचेची ताटली

सरकारी मोठं हॉस्पिटल. तिथे बाकावर बसावंच लागलं. समोरच्या माणसाच्या पायाला गुंडाळलेल्या फडक्यावर माश्या होत्या आणि तो त्या उडवतही नव्हता. मी माझं फडकं घट्ट केलं.

हात बघणारी सर्जन डॉक्टरीणबाई. वय पन्नाशीचं, केसांत मोगरा. हौसा "देवा, पांडुरंगा" असं पुटपुटली तशी तिने वर बघितलं आणि आमच्याशी मराठीत बोलायला लागली. पण ते मराठी आपलं नव्हे. तिचे पूर्वज तंजावरला कधी आले ते तिलाही ठाऊक नव्हतं. "फार दुखूलालंय का?" असं विचारायची. तमिळ हेल काढून बोललेलं ते जुनं मराठी ऐकून मला क्षणभर वाटलं, माझी पणजी अशी बोलत असेल. तिचं बोलणं मी इथे आपल्या पद्धतीने लिहितो.

तिने बोटाला चीर दिली. काय निघालं ते लिहीत नाही. त्यातलं थोडं कापसाच्या काडीवर घेऊन तिने तपासायला पाठवलं.

"काय काय औषधं घेतलीत?"

"लाल-काळी," मी म्हटलं. "मग पिवळी. मग पांढरी."

"नावं?"

मी सुरेशकडे बघितलं. सुरेशने नावं सांगितली, इंग्रजीत, खाली बघून. लाल-काळीचं त्याला नक्की सांगता येईना, कारण ती सुटी आलेली.

"किती दिवस घेतली प्रत्येक?"

"बरं वाटेपर्यंत, मॅडम."

"आणि कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मी विचारलं म्हणून त्याने सांगितलं."

तपासणीचा निकाल यायला वेळ गेला. मला वॉर्डात ठेवलं होतं. निकाल आला त्या सकाळी डॉक्टरीणबाई पलंगाशी आली आणि आधी घेतलेली औषधं आता चालणार नाहीत असं म्हणाली. सुरेशने वाद घातला. "पण मॅडम, दर वेळी गुण आला होता." ती रागावली नाही. "चालता येतंय ना?" असं मला विचारलं आणि आम्हा दोघांना व्हरांड्याच्या टोकाला तपासणीच्या खोलीत घेऊन गेली.

तिथे काचेची एक चपटी ताटली होती. तिच्या तळाला दह्याच्या सायीसारखं काहीतरी सगळीकडे पसरलं होतं. मध्ये कागदाच्या गोल टिकल्या ठेवलेल्या.

"ही साय म्हणजे तुमच्या हातातले जंतू," ती म्हणाली. "प्रत्येक टिकलीत एकेक औषध आहे. औषध लागू असेल तर टिकलीभोवती साय वाढत नाही, मोकळं रिंगण पडतं."

मी वाकून बघितलं. मला कुणी जास्त समजवायची गरज नव्हती. जन्मभर मी कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून तीवर ॲसिडचा थेंब सोडत आलोय. पितळ असेल तर रेघ विरते, अस्सल असेल तर थेंब तिला काही करू शकत नाही. इथेही थेंबच सोडलेले होते. पण अस्सल निघाला होता तो जंतू. एका टिकलीला लागून साय होती. दुसरीला लागून होती. तिसरीवर तर चढली होती. सगळ्या ताटलीत फक्त एकीभोवती बारीकसं रिंगण, नखाएवढं.

"शरीराला सवय लागते म्हणून आम्ही लवकर बंद केली," सुरेश म्हणाला.

"शरीराला सवय लागत नाही," ती म्हणाली. "जंतूला लागते. दुबळे होते ते पहिल्या चार कॅप्सुलींत मेले, म्हणून सूज उतरली. दणकट होते ते राहिले. मग तुम्ही दुसरं औषध दिलंत, त्यातून आणखी दणकट तेवढे निवडून ठेवलेत. तू काय शिकतोस?"

"फिजिक्स."

"बरं," एवढंच ती म्हणाली.

परत येताना मी तिला विचारलं, "हात राहणार का?"

ती व्हरांड्याच्या कठड्याशी थांबली. "आत्ता काही सांगत नाही," म्हणाली. मला मरणाची भीती वाटत नव्हती. मरण काय, येतं. पण उजवा हात गेलेला गलाईवाला म्हणजे कोण? रोज सकाळी साहुकारपेठेत खुर्ची टाकून बसणारा म्हातारा. त्या दिवसापासून मी फक्त हाताचा विचार केला.

वॉर्ड

त्या एका टिकलीतलं औषध शिरेतून देत. ते शिरताना खांद्यापर्यंत जळत जायचं. त्याने मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होऊ शकते, असं आधीच सांगितलं होतं. हौसा माझी लघवी बाटलीत धरून नर्सबाईला दाखवायची. लग्नाच्या बायकोपुढेही माणसाची काही लाज असते. तीही लाज तिथे गेली. पुढे कानात सूं सूं आवाज सुरू झाला, भात्याचा असतो तसा. नर्सबाई बोलत असली तरी मागे भाता चालूच. तो अजून थांबलेला नाही.

सकाळी फरशी पुसल्याचा वास, मग ड्रेसिंगची ढकलगाडी. तिच्या एका चाकाला कुरकुर होती. लांबून ती कुरकुर ऐकली की सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. मोठी मोठी माणसं एकमेकांकडे बघायची नाहीत.

शेजारच्या पलंगावर पेरुमाळ. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेला, काळाभोर, हसरा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढलेला. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या हाताकडे बघून तमिळमध्ये विचारलं, "तुमचा हात, माझा पाय. दोघं मिळून एक माणूस पुरा होईल का?"

"मराठी व्हायचा की तमिळ?"

"कमरेच्या वर मराठी. खालचं काम तमिळ बघेल."

त्याची मुलगी पितळेच्या फुलपात्रातून कॉफी आणायची. पेरुमाळ त्यातली अर्धी वाटीत ओतून, पलंगाच्या कडेला सरकून, ती माझ्या तोंडाला लावायचा, कारण माझा एक हात बँडेजमध्ये आणि दुसऱ्यात सुई. त्या दिवसांत गोड म्हणावं असं तेवढंच होतं.

मग एक दिवस मला उचलून व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत नेलं. एकट्याला. ताट वेगळं, भांडं वेगळं. नर्सबाई येताना हात धुवायची आणि जाताना पुन्हा धुवायची. माझ्यातला जंतू दुसऱ्याला लागू नये म्हणून, असं सांगितलं. मी आजवर कुणाच्या पंगतीतून उठवला गेलो नव्हतो. हौसाला मी म्हटलं, "आता तूही लांब बस." तिने स्टूल आणखी पुढे ओढलं.

काही दिवसांनी नर्सबाईकडून कळलं की पेरुमाळच्या पायाची जखम पुन्हा चिघळली आणि त्याच्या ताटलीतही तशीच साय आली. कुणाकडून कुणाकडे गेलं हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. ती कॉफीची वाटी मात्र डोळ्यांपुढून जाईना.

विचार

डॉक्टरीणबाईने सुरेशला आणि हौसाला बसवून सांगितलं. जंतू हाडात गेलाय. अंगठ्याजवळची दोन बोटं तळहातातल्या हाडांसकट आता काढली तर बाकीचा हात वाचेल अशी आशा आहे. वाट बघितली तर मनगट. त्याहून वाट बघितली तर ती काही सांगू शकत नाही.

मी म्हटलं, "नाही."

"अहो, दोन बोटंच—" हौसा म्हणाली.

"चिमटा कशाने धरू? कस कशाने लावू? मेलो तर हातासकट जाळा."

सुरेश दाराशी उभा होता. त्याने परीक्षा दिली नव्हती. मला न विचारता सोडून दिली. तो म्हणाला, "तात्या, माझ्यासाठी तरी."

हौसा त्याच्याकडे वळली. त्या सगळ्या आजारपणात ती त्याला एकदाच टाकून बोलली. "तुझ्यासाठी किती खाल्ल्या त्यांनी. आता तू गप बस."

पोरगं बाहेर जाऊन व्हरांड्यात उभं राहिलं. मला तिचा राग आला, तिला माझा आला. मी म्हटलं, "त्याला काय बोलतेस? तोंड माझं होतं, गिळल्या मी." ती म्हणाली, "मग आताबी तुम्हीच ठरवा. मी कुठं सही करणार नाही." आणि डबा उचलून निघून गेली. मोकळ्या खोलीत मी कानातला भाता ऐकत पडलो.

दुपारी पेरुमाळची मुलगी दाराच्या बाहेर उभी राहिली. आत यायची तिला परवानगी नव्हती. म्हणाली, "अप्पांनी निरोप दिलाय. म्हणाले, त्या मराठी अय्यांना सांग, मीही विचार केला होता. आधी अंगठा काढायचा की नाही याचा केला. मग पावलाचा. विचार करत करत गुडघ्यापर्यंत आलो. आता मांडीचा विचार चाललाय."

एवढं सांगून ती गेली.

मी नर्सबाईला बोलावलं. कागद आला. मी अंगठेबहाद्दर नाही, सही येते मला, झोकदार येते. पण ती उजव्या हाताची. डाव्या अंगठ्याला शाई लावून घेतली आणि कागदावर दाबला.

आता

अंगठा आहे आणि शेवटची दोन बोटं आहेत. मधे खाच. खेकड्याच्या नांगीसारखा दिसतो. सांडशीला जाड दांडा बसवून घेतला आणि थोडं थोडं काम करतो. चांदी चमकायचा क्षण अजून माझ्याच डोळ्यांना कळतो, त्याला बोटं लागत नाहीत. पण कस लावताना रेघ हलते. परवा एका सोनाराने माझ्या समोरच लगडीवर दुसऱ्यांदा कस लावून बघितला.

घरी आल्यावर हौसा पेरुमाळसाठी भाकरी घेऊन गेली होती. त्या पलंगावर दुसराच माणूस होता. ती भाकरी तशीच परत घेऊन आली.

सेल्वम भेटायला आला. मोसंबी आणली. हात बघून त्याचे डोळे भरले, खोटे नव्हेत. बसल्या बसल्या खोकत होता. मी विचारलं, "काय घेतलंस?"

"काही नाही, तात्ता. साधा घसा आहे."

"काय घेतलंस?"

"दोनच घेतल्या. आता बरं आहे." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्या वेळी आमची निवड चुकली. आता मेडिकल कॉलेजच्या एका सीनिअरला विचारूनच घेतो कोणती कशाला चालते ते."

मी त्याच्यापुढे हात धरला. म्हटलं, निवड नाही चुकली रे, तिन्ही लागू पडल्या होत्या. तो मान हलवत राहिला. मोठ्यांचं ऐकताना हलवतात तशी.

म्हणून तुम्हाला सांगतो, आपल्या लोकांना. पोरांना शिकवा, पोटाला चिमटा घेऊन शिकवा. पण पोरगं कॉलेजात जातं म्हणून त्याच्या हातचं औषध खाऊ नका. जे शिकायला गेलंय तेच त्याला विचारा. आणि डॉक्टरने अमुक दिवस घे म्हटलं तर बरं वाटलं तरी तेवढे दिवस घ्या. आपल्या भट्टीचा हिशेब इथे लावायचा नाही. चमकलं म्हणून उतरवायचं नाही. आणि उरलं तर कुणाला द्यायचं नाही.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाली होती की हाडाच्या आत काही राहिलं असेल तर ते कित्येक महिने झोपून राहतं. जागं झालं तर? मी विचारलं. तिने त्या एका टिकलीचं नाव घेतलं आणि म्हणाली, "तीच एक आहे. तीही या वेळी किती चालेल, सांगता येत नाही." त्यामुळे रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मी हात उजेडात धरून बघतो.

आज खाचेच्या कडेला कातडी जरा तांबूस दिसली. हौसाला दाखवली. तिने आधी बोट लावलं, मग गाल लावून बघितला आणि माझ्याकडे न बघता चूल विझवली. सुरेश खाली आला. त्यानेही वाकून बघितलं.

"तात्या, उन्हाने असेल," तो म्हणाला. "एखादा दिवस थांबून बघू या का?"

"थांबून बघायचं ते बघून झालं," मी म्हटलं. "शर्ट दे माझा."

त्याने शर्ट आणला. उजवी बाही त्यानेच जपून चढवली आणि गुंड्या लावल्या. मग तो अनवाणीच रिक्षा आणायला धावला.